सात वीसची टेकडी

शेवट आधीच सांगून टाकतो. तो घडून गेला आहे आणि बहुतेकांना ठाऊकही आहे. मंगळवार, 14 जानेवारी 1986. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, नायजर नदीकाठच्या गुर्मा-रारूस गावाजवळ, एक पांढरं हेलिकॉप्टर अंधारात वाळूच्या टेकडीवर आदळलं. आत पाच माणसं होती. पाचही गेली. त्यातला एक जण पॅरिस-डाकार रॅलीचा निर्माता होता.

जगात सर्वांत जास्त चित्रित होणाऱ्या शर्यतींपैकी ही एक. तिच्या सर्वांत मोठ्या अपघाताच्या वेळी मात्र कॅमेऱ्याला पुरेल एवढा उजेडच नव्हता. त्यामुळे मागे उरली ती फक्त वेळांची यादी.

फेब्रुवारी 1975 : अकरा वर्षं आधी

उत्तर फ्रान्समधलं ल तुके हे समुद्रकाठचं गाव. गावाच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा पंचविशीतला तिएरी साबीन हिवाळ्यात ओस पडणाऱ्या किनाऱ्यावर मोटरसायकलींची शर्यत भरवतो. कल्पना सिनेमावरून सुचलेली. ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ हा मोटरसायकलस्वारांवरचा अमेरिकन माहितीपट 1971 साली आला होता. धूळ, उड्या, पडणं, उठणं हे सगळं पडद्यावर काय दिसतं ते साबीनने पाहिलेलं असतं.

हा तपशील महत्त्वाचा, कारण पुढचं सगळं इथून निघतं. शर्यत दिसली पाहिजे हे या माणसाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

जानेवारी 1977 : नऊ वर्षं आधी

आबीजान ते नीस या रॅलीत साबीन स्वतः मोटरसायकलवर आहे. लिबियाच्या वाळवंटात तो वाट चुकतो. पाणी संपतं. तिसऱ्या दिवशी शोधविमानाला तो दिसतो, म्हणून वाचतो.

दुसरा कुणी असता तर वाळवंटाकडे पाठ फिरवून मोकळा झाला असता. साबीन घरी परततो तो इतरांना तिकडे न्यायचं ठरवूनच.

26 डिसेंबर 1978 : सात वर्षं आधी

पॅरिसमधल्या त्रोकादेरो चौकातून 182 वाहनं डाकारकडे निघतात. मोटरसायकली, गाड्या, ट्रक, सगळे एकत्र. पोचतात 74. यामाहा एक्सटी 500 वर बसलेला सिरील नव्हो हा फ्रेंच तरुण पहिला येतो. पात्रीस दोदँ हा मोटरसायकलस्वार नायजर देशातल्या अगादेसजवळ पडून मरण पावतो. पहिल्याच स्पर्धेतला हा पहिला मृत्यू. स्पर्धा पुढे जाते, आणि पुढे जायची ही पद्धतही तिथेच पडते.

आता चित्रणाविषयी थोडं, कारण हेलिकॉप्टर या गोष्टीत तिथून शिरतं. स्टेडियममधली शर्यत पुन्हा पुन्हा त्याच कॅमेऱ्यासमोरून जाते. वाळवंटातली शर्यत एका जागेवरून एकदाच जाते. कॅमेरामन पहाटे एखादी टेकडी धरून बसला, तर त्याला दिवसभरात प्रत्येक गाडी काही सेकंद मिळणार, तीही वारा उलटा नसेल आणि आधीच्या गाडीची धूळ बसली असेल तर. शिवाय इथे आखलेला रस्ता नाही. होकायंत्र आणि रोडबुक घेऊन जो तो आपली वाट काढतो, म्हणजे गाडी त्या टेकडीपासून अर्धा किलोमीटर लांबूनही निघून जाऊ शकते. दिवस संपला की तोच कॅमेरामन स्पर्धकांच्याच वाटेने, त्यांच्याच खड्ड्यांतून मुक्काम गाठणार. चेहरा, धूळ आणि क्षितिज एका चौकटीत हवं असेल तर वरून, खालच्या उंचीवर, गाडीच्या बरोबरीने उडावं लागतं. ते काम हेलिकॉप्टरच करू शकतं.

आणि छायाचित्रणाचा जुना नियम असा की वाळू सर्वांत देखणी दिसते ती सूर्यास्ताआधीच्या तासात. सावल्या लांबतात, टेकड्यांना आकार येतो. भर दुपारी तीच वाळू सपाट आणि पांढरी दिसते. म्हणजे चित्रासाठी जो उत्तम वेळ, त्याच्यानंतर उड्डाणाला लगेच वाईट वेळ येते. विषुववृत्ताच्या जवळ संधिप्रकाश फार रेंगाळतही नाही.

साबीनसाठी हेलिकॉप्टर केवळ चित्रणाचं साधन नव्हतं. तो त्यातून मार्ग बघायचा, चुकलेल्यांना शोधायचा, मध्येच खाली उतरून स्पर्धकांशी बोलायचा, आणि पुन्हा वर जायचा. वाळूतून वर पाहणाऱ्याला पांढरं हेलिकॉप्टर दिसलं की मालक आला असं समजायचं.

14 जानेवारी 1982 : बरोबर चार वर्षं आधी

तारीख मुद्दाम जुळवलेली नाही, ती तशीच आहे. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क, त्याची सहचालक आणि मेकॅनिक अल्जीरियाच्या वाळवंटात सहा दिवस बेपत्ता होते. 14 जानेवारीला अल्जीरियन हवाई दलाच्या विमानाला त्यांची पांढरी प्युजो 504 दिसते. मार्गापासून सुमारे 50 किलोमीटर लांब.

तिघं सुखरूप. सहा दिवस जगभरच्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही बातमी चालवलेली. ज्या देशांत कुणी या रॅलीचं नावही ऐकलं नव्हतं तिथे ते घराघरांत पोचतं. एवढी प्रसिद्धी पैसे मोजून मिळाली नसती.

यातून दोन धडे निघत होते. वाळवंटात अंदाज चुकायला वेळ लागत नाही, हा एक. आणि अंदाज चुकला तरी शेवटी विमान येतं, हा दुसरा. दुसरा धडा जास्त सुखाचा होता.

जानेवारी 1983 : तीन वर्षं आधी

रॅली पहिल्यांदाच नायजरमधलं तेनेरे वाळवंट ओलांडते. वाळूचं वादळ येतं. चाळीसेक स्पर्धक वाट चुकतात. काहींना मार्गावर परत यायला चार दिवस लागतात.

उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणा या रॅलीत यायला अजून नऊ वर्षं आहेत. ती 1992 मध्ये येईल. तोवर वादळात सापडलेल्याने थांबायचं, इंजीन बंद करायचं आणि वारा पडायची वाट बघायची, हाच शहाणपणा होता. स्पर्धकांना तो सांगितलेला होता.

1 जानेवारी 1986 : 13 दिवस आधी

व्हर्सायहून आठवी रॅली सुटते. तिन्ही गटांत मिळून पाचशेच्या घरात वाहनं. सुमारे 15,000 किलोमीटर, 22 दिवस. अल्जीरिया, नायजर, माली, गिनी, सेनेगल. पोर्शने 959 जातीच्या तीन गाड्या उतरवल्या आहेत. त्यातल्या एकीत जॅकी इक्सशेजारी नॅव्हिगेटर म्हणून क्लोद ब्रासर हा सिनेनट बसला आहे. हौशी लोक स्वतःचं घर गहाण टाकून आले आहेत आणि कारखान्यांचे संघ विमानाने सुटे भाग आणवत आहेत. सगळे त्याच वाळूत.

पहिल्याच दिवशी, अजून फ्रान्समध्येच, भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या साध्या रस्त्यावर यासुओ कानेको या जपानी मोटरसायकलस्वाराला एक गाडी उडवते. तिचा चालक दारू प्यायलेला होता. वाळवंट अजून समुद्रापलीकडे आहे आणि एक जण गेला आहे.

रॅली बोटीत चढते.

जानेवारीचा दुसरा आठवडा

या ताफ्यात एक गायक आहे. दानिएल बालाव्वान, वय 33. गेल्या वर्षी आलेलं त्याचं ‘लाझीझा’ हे गाणं फ्रान्सभर वाजतं आहे. फ्रेंच लोक त्याला आणखी एका कारणाने ओळखतात. मार्च 1980 मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने फ्रान्स्वा मितराँ यांना, ते अजून राष्ट्राध्यक्ष झालेले नसताना, तरुण पिढी किती हताश आहे हे तोंडावर सुनावलं होतं.

याआधी तो स्पर्धक म्हणून या रॅलीत उतरला होता. या वेळी तो शर्यतीत नाही. दुष्काळाने पोळलेल्या गावांना पाण्याचे पंप पोचवायचं काम त्याने अंगावर घेतलं आहे. रॅली ज्या गावांतून धूळ उडवत जाते, तिथल्या लोकांच्या पदरात निदान काही पडावं, असा हिशेब. रॅलीवर फ्रान्समध्येही टीका होत होती. भुकेल्या देशांतून लाखो फ्रँकच्या गाड्या पळवणं अनेकांना अश्लाघ्य वाटत होतं. बालाव्वानचे पंप त्या टीकेला उत्तर होते की तिच्यावरचं पांघरूण, यावर मतं वेगळी असू शकतात. माझं मत असं की पंप खरे होते आणि पाणीही खरं असणार होतं. तेवढं पुरे.

पंपांसाठी अधिकाऱ्यांना भेटावं लागतं, कागदपत्रं हलवावी लागतात, एका गावाहून दुसऱ्या गावी जावं लागतं. अशा देशात कुणी हेलिकॉप्टरमध्ये जागा देऊ केली तर ती मोठी सोय असते.

14 जानेवारी, सकाळी 6.40 च्या सुमारास

गुर्मा-रारूसला सूर्य उगवतो. इथून पुढच्या सूर्याच्या वेळा मालीच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे, अक्षांश-रेखांशावरून काढलेल्या आहेत. त्यांत एखाद्या मिनिटाचा फरक पडेल.

आपल्याकडे त्या दिवशी मकर संक्रांत. उत्तरायण म्हटलं तरी दिवस अजून लहानच. तिथे सूर्य क्षितिजावर राहणार सव्वाअकरा तासांहून थोडा कमी.

गुर्मा-रारूस हे नायजर नदीच्या दक्षिण काठावर, टिंबक्टूच्या पूर्वेला आहे. नदी इथे सहाराला टेकून मोठं वळण घेते. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या. आजचा मुक्काम इथे पडायचा आहे.

दिवसभर

वारा आहे. हिवाळ्यात या भागात ईशान्येकडून कोरडा हरमाटन वाहतो आणि सहाराची बारीक धूळ घेऊन येतो. तो जोरात सुटला की सूर्य दिसतो तो ताटलीसारखा, आणि समोरची टेकडी आकाशात विरघळते. त्यात पाचशेतली जी वाहनं अजून चालू आहेत त्यांनी उडवलेली धूळ.

स्पर्धक पाठोपाठ येत नाहीत, ते मैलोन् मैल पसरलेले असतात. कारखान्यांचे संघ दुपारीच मुक्कामाला पोचतात. हौशी मंडळी मध्यरात्रीपर्यंत येत राहतात, काही दुसऱ्या दिवशी. आयोजकाला या सगळ्यांची काळजी. त्यामुळे आयोजकाचा दिवस शेवटच्या गाडीबरोबर संपतो, सूर्याबरोबर नाही.

उड्डाणाआधी

साबीनला गुर्मा-रारूसला पोचायचं आहे. तिथे गावात फुटबॉलचा सामना ठेवला आहे आणि पहिला चेंडू मारायचा मान त्याचा आहे. पाहुण्याने वेळेवर पोचावं, एवढीच गोष्ट. पुढच्या सगळ्या घाईचं मूळ शोधायचं तर ते इतकं साधं आहे.

यंत्र आहे एरोस्पासियालचं एक्युरोय. एका इंजिनाचं, हलकं, चपळ. वैमानिकासह साधारण सहा जणांचं.

वैमानिक फ्राँस्वा-झाव्हिए बान्यू. स्वित्झर्लंडचा, वय 24. त्याच्या वडिलांची आल्प्समध्ये हेलिकॉप्टर सेवा आहे, डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारी. मुलगा लहानपणापासून त्यात वाढला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्याने विमानविद्येचं शिक्षण घेतलं आहे. उपकरणांच्या आधाराने उडायचा परवाना त्याने कमी वयात मिळवला आहे. त्याची आई, अल्बिना द्यु ब्वारुव्रे, सिनेनिर्माती आहे. दोनच वर्षांपूर्वी, 1984 साली, तिचा ‘फोर सागान’ पडद्यावर आला. त्याचं चित्रीकरण शेजारच्या मॉरिटानियाच्या वाळवंटात झालं होतं.

तेव्हा वैमानिक नवशिका होता म्हणून घडलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. परवाना होता, शिक्षण होतं, डोंगरातला अनुभव होता. पण उपकरणांवरचं उड्डाण असतं ते उंचीवरून, ठरलेल्या मार्गाने, खाली विमानतळाचे दिवे असलेलं. काळोखात जमिनीलगत, दिवा नसलेल्या टेकड्यांमधून वाट काढायची असेल तर परवान्याचा फारसा उपयोग नसतो.

आणखी दोन जण बसतात. ‘जुर्नाल द्यु दिमाँश’ या रविवारच्या वर्तमानपत्राची वार्ताहर नताली ओदाँ. आर्टीएल या रेडिओ केंद्राचा तंत्रज्ञ जाँ-पोल ल फ्युर. दोघंही रॅली लोकांपर्यंत पोचवणारी माणसं. एकीची वही, दुसऱ्याचं ध्वनियंत्र. मुक्काम जिथे, तिथे त्यांनी असायला हवं, कारण बातमी तिथूनच निघते.

बालाव्वानची जागा ठरलेली नव्हती. ती आयत्या वेळी मिळाली. हेलिकॉप्टरमध्ये जागा आहे, येतोस का, एवढंच. तो बसतो.

कुणीही मोठा निर्णय घेतलेला नाही. वैमानिकाने मालकाचं ऐकलं, मालकाने गावकऱ्यांना दिलेला शब्द पाळायचा ठरवला, दोघांनी आपलं काम केलं, एकाने रिकामी जागा घेतली.

संध्याकाळी 5.53

सूर्यास्त. इथून पुढे जेमतेम वीसेक मिनिटं अशी असतात की दिव्याशिवाय जमीन दिसते. तीही आकाश स्वच्छ असेल तर. धूळ असेल तर आणखी कमी.

6.16 च्या सुमारास

नागरी संधिप्रकाश संपतो. हा विमानशास्त्रातला हिशेब आहे. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश गेला की डोळ्यांवर विसंबून उडणाऱ्याने आपली वेळ संपली असं समजायचं. हेलिकॉप्टर हवेत आहे.

आकाशात चंद्र आहे, पण अमावास्या होऊन चारच दिवस झाले आहेत. पश्चिमेला बारीक कोर. तिचा उजेड वाळूवर पडला तरी टेकडी आणि खळगा वेगळे दिसत नाहीत. खाली गावांचे दिवे नाहीत, रस्ता नाही, तारांचे खांब नाहीत. नजरेला धरायला काही नसलं की माणसाच्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र खोटं बोलायला लागतं. आपण सरळ चाललो आहोत असं वाटतं तेव्हा यंत्र कललेलं असतं. वैमानिकांना हे पहिल्या वर्षी शिकवतात.

6.40 नंतर

क्षितिजाची रेघही जाते. खाली हलणारे दिवे आहेत ते फक्त स्पर्धकांचे. मुक्कामाकडे निघालेल्या गाड्या, समोर दोन पांढरे झोत, मागे दोन तांबडे ठिपके. गाडीवाल्यांनाही पुढचं फार दिसत नाही. पण त्यांची चाकं जमिनीवर आहेत.

सातच्या सुमारास

हेलिकॉप्टर खाली उतरतं.

इथे थांबायला हवं. या संध्याकाळच्या सगळ्या हकिगतीत हा एकच क्षण असा आहे की जेव्हा सगळं नीट झालेलं आहे. पुढे जाणं धोक्याचं आहे हे ओळखलं गेलं. यंत्र जमिनीवर ठेवलं गेलं. पाचही जण सुखरूप आहेत. मुक्काम आता जवळच आहे. जवळून जाणाऱ्या स्पर्धकाला थांबवून निरोप दिला जातो : मुक्कामावर सांगा, आम्हाला न्यायला गाडी पाठवा.

गाडी येणार होती. तासाभरात म्हणा, दोन तासांत म्हणा. वाळूत बसून वाट बघायची होती. रात्री गारठा असतो, त्याहून जास्त काही नाही. मार्क थॅचरने सहा दिवस काढले होते. स्वतः साबीनने 1977 मध्ये पाण्यावाचून दिवस काढले होते, एकट्याने. वाट चुकलात तर जागचे हलू नका, ही रॅलीची पहिली सूचना. ती त्याच्याइतकी कुणाला पटलेली असणार नाही.

निरोप घेऊन स्पर्धकाची गाडी मुक्कामाकडे निघते.

त्यानंतर थोड्या वेळाने

पाती पुन्हा फिरू लागतात. हेलिकॉप्टर पुन्हा वर उठतं.

का, ते सांगायला कुणी उरलं नाही. अंदाज पुष्कळ बांधले गेले. धूळ जरा निवळली असेल. मुक्कामाचा उजेड दिसल्यासारखा वाटला असेल. मालकच वाट चुकला अशी बातमी नको वाटली असेल. यातला प्रत्येक अंदाज शक्य आहे आणि एकही सिद्ध करता येत नाही. म्हणून मी कुठल्याच्या बाजूने बोलत नाही.

त्यानंतर कसं गेलं ते कळतं. पुढे चाललेल्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांचा माग धरून, कमी उंचीवरून. पहिल्यांदा ऐकताना ही युक्ती चांगली वाटते. गाडीला वाट ठाऊक आहे, आपण गाडीच्या मागे जाऊ. पण गाडी टेकडीला वळसा घालते. वळसा घातला की तिचे दिवे दिसेनासे होतात. वरच्याला वाटतं दिवे धुळीत गेले, आणि तो सरळ जातो. ताशी 100 किलोमीटर वेगाने हेलिकॉप्टर सेकंदाला 28 मीटर कापतं. समोर काळं काही आहे हे कळून हात हलेपर्यंत दोन सेकंद गेले तर 56 मीटर गेले.

7.20

काही वृत्तान्त 7.30 म्हणतात. सात वीसची नोंद जास्त ठिकाणी आहे.

हेलिकॉप्टर वाळूच्या टेकडीवर आदळतं.

तिएरी साबीन, 36. दानिएल बालाव्वान, 33. फ्राँस्वा-झाव्हिए बान्यू, 24. नताली ओदाँ. जाँ-पोल ल फ्युर.

रात्र

स्पर्धक एकेक करून मुक्कामाला पोचत राहतात. ज्याला रोज रात्री शेकोटीजवळ उभं राहून उद्याचा टप्पा समजावून सांगताना ऐकलं, तो आज का नाही, हे त्यांना आल्यावर कळतं. काहींना आपण अपघाताच्या किती जवळून आलो हेही कळतं.

फ्रान्समध्ये बातमी पोचते तेव्हा मथळ्यात आधी गायकाचं नाव येतं. कितीतरी जणांना साबीन कोण ते तेव्हाच कळलं.

15 जानेवारी ते 22 जानेवारी

रॅली थांबत नाही. साबीनची हीच इच्छा असती, असं सांगितलं गेलं. मेलेल्या माणसाची इच्छा सांगणारे नेहमीच भेटतात. पण व्यवहाराची बाजूही होती. शेकडो माणसं सहाराच्या काठावर उभी होती आणि कुठूनतरी समुद्र गाठल्याशिवाय त्यांना घरी जाता येणार नव्हतं.

22 जानेवारीला डाकारला शर्यत संपते. मोटरसायकलींत सिरील नव्हो, गाड्यांत पोर्शवाला रेने मेत्झ. निघालेल्या पाचशेपैकी शेवटापर्यंत टिकले शंभराच्या आसपास. जांपाओलो मारिनोनी हा इटालियन मोटरसायकलस्वार शेवटच्या दिवशी पडतो, तसाच उठून शर्यत पूर्ण करतो आणि दोन दिवसांनी मरण पावतो. त्याच स्पर्धेत पडून बेशुद्ध झालेला फ्रेंच स्वार जाँ-मिशेल बारों शुद्धीवर कधीच आला नाही. तो 2010 मध्ये गेला.

नंतर

साबीनची रक्षा तेनेरे वाळवंटात एका एकाकी झाडापाशी विखुरली. वाळवंटाने आपला माणूस परत बोलावला, अशा अर्थाचं बरंच लिहून आलं. वाळवंट कुणाला बोलावत नाही. अंधार पडल्यावर, दिसत नसताना, एकदा सुरक्षित उतरलेलं यंत्र पुन्हा उडवलं गेलं आणि ते टेकडीवर आदळलं. उड्डाण रोखायचा अधिकार त्या संध्याकाळी ज्या एका माणसाच्या शब्दाला होता, तो प्रवासी म्हणून आत बसला होता. वैमानिकाला नाही म्हणता आलं असतं. पण 24 वर्षांच्या वैमानिकाने शेजारी बसलेल्या मालकाला नाही म्हणणं कागदावर जितकं सोपं आहे तितकं ते वाळूत नसतं. हवाई क्षेत्रात या गोष्टीवर नियम झाले ते अशाच अपघातांमुळे.

बान्यूच्या आईने आपले दागिने, चित्रं आणि मालमत्ता विकली आणि 1989 मध्ये मुलाच्या नावाने संस्था काढली. एड्समुळे पोरक्या झालेल्या मुलांसाठी तिने काम केलं, भारतातही. साबीनचे वडील झिल्बेर यांनी रॅली चालवायला घेतली. ती सुटत राहिली. 1987 च्या रॅलीत, डाकार दृष्टिपथात असताना, आघाडीवरच्या उबेर ओरिओलचे दोन्ही घोटे मोडले. तशा पायांनी तो मोटरसायकल चालवत टप्प्याच्या शेवटापर्यंत आला आणि तिथे कोसळला. त्याला रडताना कॅमेऱ्यांनी टिपलं, आणि ती दृश्यं आजही दाखवली जातात.

1988 च्या रॅलीत सहा जण मेले, तीन स्पर्धक आणि तीन स्थानिक. स्थानिकांतली एक मालीमधली दहा वर्षांची मुलगी होती. रस्ता ओलांडताना तिला स्पर्धकाच्या गाडीने उडवलं. उरलेल्या दोघी मॉरिटानियातल्या मायलेकी. शर्यतीच्या शेवटच्या दिवशी त्यांना ज्या गाडीने चिरडलं, ती स्पर्धकाची नव्हती. ती चित्रीकरण करणाऱ्या पथकाची होती.